राग बापाचा, वाटा लेकीचा!

वाकोल्यातील एका बुद्धविहारात रविवारी आम्ही कायद्याची माहिती सांगायला बसतो. मागे एक भगिनी आली. वीस वर्षांपूर्वी तिने जातीबाहेर लग्न केले, तेव्हापासून वडिलांनी तिचे तोंड पाहिले नाही. वडील गेले आणि भावाने मृत्युपत्र पुढे केले. घर मुलाला, लेकीला काही नाही. ती म्हणाली, "वकीलसाहेब, भांडण झाले म्हणून मी त्यांची लेक राहिले नाही का?"

या प्रश्नाचे कायद्यातले उत्तर देताना आमचीच मान खाली गेली.

1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. बाप मृत्युपत्र न करता गेला तर लेकीचा वाटा मुलाएवढाच. 2005 च्या दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी जन्मानेच हिस्सेदार झाली. परंतु स्वकष्टाची मिळकत बापाने मृत्युपत्राने कोणालाही द्यावी, अशी मोकळीक याच कायद्याचे कलम 30 देते. मुंबईत आपल्या माणसांनी घामाने उभी केलेली बहुतेक घरे स्वकष्टाचीच! म्हणजे एका दाराने आलेला हक्क दुसऱ्या दाराने बाहेर जातो.

आता आमच्या गोवेकर शेजाऱ्यांचा कायदा पाहा. पोर्तुगीज सत्ता 1961 साली गेली, पण तिचा 1867 चा दिवाणी कायदा गोव्यात राहिला. युरोपातून आलेल्या या कायद्यात मुले असतील तर बापाला मृत्युपत्राने फक्त अर्धी मिळकत वाटता येते. उरलेली अर्धी मुलांसाठी राखीव. कायद्याने मोजून दिलेली कारणे सिद्ध झाल्याशिवाय हा हिस्सा काढून घेता येत नाही. नुसता राग हे कारण चालत नाही! 2016 मध्ये अमलात आलेल्या गोव्याच्या नव्या उत्तराधिकार कायद्यानेही हा राखीव हिस्सा कायम ठेवला.

हा कायदा मुंबईपर्यंत पोहोचतो का? एका गोवेकर गृहस्थाने 1951 साली मुंबईत मिळकत घेतली होती. तीन मुली असताना त्याने 1957 च्या मृत्युपत्राने ती एकीलाच दिली. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 13 सप्टेंबर 2019 रोजी न्या. दीपक गुप्ता आणि न्या. अनिरुद्ध बोस यांनी निकाल दिला की, गोव्याचा अधिवासी असलेल्या माणसाची मिळकत भारतात कुठेही असो, तिच्या वारसाला गोव्याचाच कायदा लागेल. मुंबईतली मिळकतही सुटली नाही.

म्हणजे मुंबईच्या एकाच गल्लीत दोन बाप असतात. गोव्याचा अधिवासी कितीही चिडला तरी लेकीला पूर्ण तोडू शकत नाही. आमचा बाप मात्र एका कागदावर सही करून मोकळा!

युरोपात फ्रान्स आणि जर्मनी येथेही मुलांचा राखीव हक्क आहे. इंग्लंडमध्ये तो नाही, तरी 1975 च्या कायद्याने मुलांना न्यायालयाकडे दाद मागता येते. सतराव्या वर्षी घर सोडून गेलेल्या एका मुलीला आईने मृत्युपत्रातून वगळले आणि जवळजवळ सारी इस्टेट प्राण्यांच्या संस्थांना दिली. त्या मुलीला 2017 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 50 हजार पौंड कायम केले. रक्कम थोडी, पण नाते रागाने पुसले जात नाही हे तत्त्व मोठे.

गोव्याच्या कायद्यात सगळेच सोने आहे असे आमचे म्हणणे नाही. पण राखीव हिस्सा घेण्यासारखा आहे. कलम 30 मध्ये दुरुस्ती करून मुलामुलींचा ठरावीक वाटा राखून ठेवावा, ही मागणी आता चळवळीने केली पाहिजे.

तोवर आपल्या भगिनींनी काही गोष्टी गाठीशी बांधाव्यात. मृत्युपत्र दाखवले की गप्प बसू नका. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत का, ते खरे आहे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. सोसायटीत भावाचे नाव नॉमिनी म्हणून असले तरी नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. आणि "माहेर तुटेल" या भीतीने हक्कसोडपत्रावर सही करू नका.

बंधूंनो, तुम्हालाही विचारतो. बायकोला स्वतःचे धन नाही म्हणणारी मनुस्मृती बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळली. लेकीला वारसा देणारे हिंदू कोड बिल अडवले गेले तेव्हा, 27 सप्टेंबर 1951 रोजी, त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्यामागच्या कारणांत आपल्या लेकी होत्या. घरात त्यांची तसबीर लावायची आणि तिच्याखाली बसून लेकीला तोडणारे मृत्युपत्र लिहायचे, हे कोणत्या धम्मात बसते?

त्या भगिनीचा दावा आम्ही चालवणार आहोत. निकाल काय लागेल तो लागो. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही देऊन ठेवतो : ताई, तू लेक होतीस आणि लेकच आहेस.

जयभीम!