वेबकॅम जोडला की लाइव्ह का अडखळतं? लॅपटॉपवरचा भार नेमका वाढतो कुठे आणि तो उतरवायचा कसा?

खालापूर तालुक्यातलं एखादं गाव. गणपतीची संध्याकाळची आरती सुरू व्हायला पाच मिनिटं आहेत. मंडळातल्या मुलांनी लॅपटॉपवर लाइव्ह लावलंय. मंडळाचं नाव, गणपतीचा फोटो, मागे आरतीचं संगीत, सगळं नीट चाललंय. गुडघे दुखतात म्हणून गावाला येऊ न शकलेली आत्या पुण्यात मोबाईल धरून बसली आहे, कुणाचा मुलगा दुबईत कामावरून येऊन स्क्रीनसमोर बसला आहे. इकडे कुणीतरी वेबकॅमची वायर लॅपटॉपला जोडतं. लॅपटॉपचा पंखा घुं घुं करू लागतो, चित्र अडकतं, आवाज पुढे आणि ओठ मागे. तोवर आरतीची तीन कडवी होऊन गेलेली असतात.

"नेट गेलं रे," असं म्हणून सगळे मोबाईलच्या रेंजकडे बघू लागतात. पण प्रत्येक वेळी दोष नेटचाच असतो असं नाही. वेबकॅम जोडताच लाइव्ह बिघडत असेल, तर संशय आधी लॅपटॉपच्या प्रोसेसरवर घ्यायला हवा. आणि यावर बहुतेकदा नवा लॅपटॉप घेण्याची गरज पडत नाही.

हा प्रश्न इतक्या लोकांना का पडू लागला?

अष्टविनायकांपैकी एक असलेला वरदविनायक खालापूर तालुक्यातल्या महडचा. (चवदार तळ्याचं महाड वेगळं, ते रायगडच्या दक्षिण टोकाला.) त्यामुळे माघी गणेशोत्सव असो की भाद्रपदातला, या भागात गणपतीचं महत्त्व मोठं. २०२० साली कोरोनाच्या काळात राज्य सरकारने सार्वजनिक गणपतीची मूर्ती चार फुटांपर्यंत ठेवायला सांगितली आणि गर्दी टाळण्यासाठी ऑनलाइन दर्शनाची सोय करण्याचं आवाहन केलं. साथ ओसरली, पण सवय राहिली. आज आरती, कीर्तन, भजन, ग्रामसभा, शिकवणी, क्रिकेटच्या टेनिस बॉल स्पर्धा, सगळंच लाइव्ह होतं.

त्यासाठी सर्रास वापरलं जाणारं सॉफ्टवेअर म्हणजे ओबीएस स्टुडिओ. २०१२ मध्ये आलेलं हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. अडचण येते ती त्यात कॅमेरा जोडल्यावर.

वेबकॅम जोडल्यावर आत काय घडतं?

एक छोटा हिशोब करू. फुल एचडी चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार ठिपके असतात. कॅमेरा कच्चं चित्र पाठवतो तेव्हा साधारणपणे प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट लागतात. सेकंदाला ३० चित्रं धरली, तर दर सेकंदाला सुमारे १२४ मेगाबाइट माहिती होते.

आता ही माहिती जाते कुठून? बहुतेक वेबकॅम यूएसबी २.० वर चालतात. त्याची कागदावरची क्षमता सेकंदाला ६० मेगाबाइट, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी. म्हणजे १२४ मेगाबाइटचा लोंढा या नळीतून जाणंच शक्य नाही. म्हणून कॅमेरा प्रत्येक चित्र दाबून लहान करतो आणि मग पाठवतो. या पद्धतीला एमजेपीईजी म्हणतात. काही कॅमेरे एच.२६४ पद्धत वापरतात.

कॅमेऱ्याने दाबलेलं चित्र लॅपटॉपला पुन्हा उलगडावं लागतं. मग त्याचे रंग ओबीएसला हवे तसे बदलायचे, आकार लहानमोठा करायचा, बाकीच्या गोष्टींवर ते चिकटवायचं, आणि शेवटी तयार झालेलं अख्खं चित्र इंटरनेटवर पाठवण्यासाठी पुन्हा दाबायचं. हे सगळं सेकंदाला ३० वेळा. म्हणजे एका चित्रासाठी हातात वेळ फक्त ३३ मिलिसेकंद.

कॅमेरा येण्याआधी स्क्रीनवर फोटो आणि नाव होतं. स्थिर चित्र दाबणं सोपं, कारण मागच्या चित्रात आणि पुढच्या चित्रात फरकच नसतो. कॅमेरा आला की हलणारी माणसं, निरांजनाच्या ज्योती, लुकलुकणाऱ्या माळा आल्या. उलगडण्याचं नवं काम वाढलं आणि दाबण्याचं जुनं कामही जड झालं. भार दोन्हीकडून वाढतो तो असा.

दोष प्रोसेसरचा की नेटचा, हे कसं ओळखायचं?

ओबीएसमध्ये वरच्या 'व्ह्यू' मेनूत 'स्टॅट्स' नावाची खिडकी आहे. त्यात वाया गेलेल्या चित्रांचे तीन वेगवेगळे आकडे दिसतात. तीन आकडे म्हणजे तीन वेगळे आजार, आणि प्रत्येकाचं औषध वेगळं.

- एन्कोडिंग लॅग: चित्र दाबण्याचं काम वेळेत होत नाही. सहसा हा प्रोसेसरचा प्रश्न असतो. 'एन्कोडिंग ओव्हरलोडेड' अशी सूचना येते ती याचीच.
- रेंडरिंग लॅग: चित्रं एकमेकांवर रचण्याचं काम अडतंय. हा ग्राफिक्सवरचा भार.
- नेटवर्कमुळे सुटलेली चित्रं: इथे मात्र नेटच दोषी. डोंगराच्या कुशीतल्या गावात मोबाईल डेटावर लाइव्ह करताना हा आकडा वाढू शकतो. अशा वेळी बिटरेट कमी करावा लागतो, प्रोसेसरच्या मागे लागून उपयोग नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ओबीएस जो प्रोसेसरचा टक्का दाखवतं तो फक्त त्याचा स्वतःचा असतो. संपूर्ण लॅपटॉपवरचा भार पाहायचा तर विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडायचा. आधी वेबकॅमशिवाय आकडा लिहून ठेवा, मग वेबकॅम जोडून पाहा. फरक किती, ते समोर येईल.

पहिला उपाय कोणता?

कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन कमी करणं. पण ते योग्य जागी.

इथे एक चूक फार वेळा होते. ओबीएसच्या पडद्यावर कॅमेऱ्याची चौकट माउसने ओढून लहान केली की काम हलकं झालं, असं वाटतं. तसं होत नाही. चौकट कोपऱ्यात बोटाएवढी केली तरी कॅमेरा पूर्ण फुल एचडी चित्रच पाठवत असतो आणि लॅपटॉप ते पूर्ण उलगडत असतो.

बदल करायचा तो कॅमेऱ्याच्या 'व्हिडिओ कॅप्चर डिव्हाइस' या सोर्सवर दोनदा क्लिक करून उघडणाऱ्या 'प्रॉपर्टीज'मध्ये. तिथे रिझोल्यूशनचा प्रकार 'कस्टम' करा. बोलणाऱ्याचा चेहरा कोपऱ्यातल्या लहान चौकटीत दाखवायचा असेल, तर ६४० बाय ४८० पुरेसं होतं. फुल एचडीमध्ये याच्या पावणेसात पट ठिपके असतात. शिवाय ६४० बाय ४८० चं कच्चं चित्र सेकंदाला अवघं १८ मेगाबाइट होतं, ते यूएसबी २.० मधून न दाबता जाऊ शकतं. त्यामुळे तिथेच 'व्हिडिओ फॉरमॅट'मध्ये 'वायय़ूवाय२' निवडलं, तर उलगडण्याचं कामच उरत नाही.

आरतीसारखं, जिथे कॅमेऱ्याचं चित्र अख्ख्या स्क्रीनवर हवं, तिथे १२८० बाय ७२० ठेवा. यासाठी मात्र एमजेपीईजी लागेल. वेग सेकंदाला ३० चित्रं पुरे. ६० केला की काम सरळ दुप्पट.

त्यानंतर काय तपासायचं?

चित्र दाबणारा कोण आहे ते. 'सेटिंग्ज'मधल्या 'आउटपुट'मध्ये 'एन्कोडर' असा पर्याय असतो. तिथे 'एक्स२६४' असेल, तर सगळं ओझं प्रोसेसरच्या डोक्यावर आहे. इंटेलच्या अनेक प्रोसेसरमध्ये या कामासाठी 'क्विक सिंक' नावाचा वेगळा भाग २०११ पासून येतो. एनव्हिडियाच्या कार्डात तो 'एनव्हेंक' या नावाने असतो, एएमडीचाही स्वतःचा आहे. यादीत यातलं काही दिसलं तर ते निवडा. अनेक लॅपटॉपवर एवढ्या एका बदलाने पंख्याचा आवाज उतरतो.

असा पर्याय नसेल तर 'एक्स२६४'चा प्रीसेट 'व्हेरीफास्ट'वरून 'सुपरफास्ट' करा. चित्राचा दर्जा थोडा कमी होईल, पण अडकलेल्या सुंदर चित्रापेक्षा चालणारं साधं चित्र बरं. 'व्हिडिओ' सेटिंगमध्ये आउटपुटही १२८० बाय ७२० करून ठेवा.

लक्षात न येणारी कारणं कोणती?

- पार्श्वभूमी पुसणारे इफेक्ट: माणूस ओळखून मागचं चित्र काढून टाकणारे फिल्टर फार जड असतात. मागे हिरवं कापड लावून 'क्रोमा की' वापरली, तर तेच काम खूप कमी भारात होतं.
- एकच कॅमेरा अनेकदा जोडणं: प्रत्येक सीनमध्ये तोच कॅमेरा नव्याने जोडू नका. 'ॲड एक्झिस्टिंग' वापरून आधीचाच घ्या. कॅमेरा दिसत नसताना बंद राहावा असाही पर्याय प्रॉपर्टीजमध्ये आहे, फक्त पुन्हा चित्र यायला क्षणभर वेळ लागतो.
- आपलंच लाइव्ह त्याच लॅपटॉपवर पाहणं: ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालू ठेवला की तो उलगडण्याचं काम पुन्हा वाढतं. नीट चाललंय का, हे मोबाईलवर पाहा.
- बॅटरीवर चालणारा लॅपटॉप: चार्जर काढला की अनेक लॅपटॉप वीज वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग कमी करतात. ऐन पावसात वीज गेली आणि लाइव्ह अडखळू लागलं, तर हे कारण असू शकतं. लॅपटॉप इन्व्हर्टरवर असेल अशी सोय आधीच करा.
- उष्णता: दमट हवा, बंद मांडव आणि सतरंजीवर ठेवलेला लॅपटॉप. खालची जाळी झाकली गेली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. लॅपटॉप लाकडी पाटावर किंवा टेबलावर ठेवा.

प्रोसेसर मोकळा आहे, तरीही चित्र तुटतंय?

मग उजेड पाहा. गाभाऱ्यात समईचा मंद प्रकाश असतो. अशा अंधारात कॅमेरा जास्त प्रकाश गोळा करण्यासाठी प्रत्येक चित्राला जास्त वेळ घेतो. तो वेळ ३३ मिलिसेकंदांच्या पुढे गेला की सेकंदाला ३० चित्रं मिळणार तरी कशी? शिवाय अंधारातल्या चित्रात मुंग्या येतात, आणि सतत हलणाऱ्या त्या मुंग्या दाबताना एन्कोडरचा घाम निघतो. मूर्तीवर एक स्थिर, पांढरा दिवा टाकला तर दोन्ही त्रास कमी होतात.

सगळं एकदम बदलायचं का?

नाही. एका वेळी एकच बदल करा, दोन मिनिटं थांबा, स्टॅट्स पाहा. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

ही तालीम आदल्या रात्री करा, त्याच मांडवात, त्याच दिव्यांत. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' लाइव्ह करून पाहता येतं, ते लिंक असलेल्यांनाच दिसतं. चॅनेलवरून पहिल्यांदाच लाइव्ह करणार असाल, तर यूट्यूबची परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, हेही ध्यानात ठेवा. किमान २० मिनिटं सलग चालवा, कारण लॅपटॉप तापायला तेवढा वेळ लागतो. जमलेली सेटिंग्ज कागदावर लिहून मंडळाच्या वहीत चिकटवा.

कीर्तन थांबवून पुन्हा सुरू करता येत नाही आणि आरती दुसऱ्यांदा होत नाही. पुण्यातल्या आत्याला चित्र फुल एचडी आहे की नाही, याच्याशी देणंघेणं नसतं. तिला तिच्या घरचा गणपती हलता-बोलता दिसला पाहिजे, आणि टाळ्या आरतीच्या तालात ऐकू आल्या पाहिजेत. तेवढं करायला जुना लॅपटॉपही पुरतो.