दुरून सुरू होणारी गाडी : सोय आणि सावधगिरी

कॅनडातील विनिपेग शहरात जानेवारीच्या पहाटे तापमान उणे २० अंश सेल्सियसपर्यंत उतरणे मुळीच नवलाचे नसते. काही रात्री तर पारा उणे ३० च्याही खाली जातो. अशा थंडीत रात्रभर उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारीच्या काचांवर बर्फाचा टणक थर चढतो, आसने दगडासारखी कठीण होतात आणि इंजिनातील तेल काकवीप्रमाणे दाट होते. घरात चहा घेता घेता एक कळ दाबावी आणि आपण बाहेर पडेपर्यंत गाडी ऊबदार झालेली असावी, असे तेथील माणसास वाटणे स्वाभाविक आहे. या गरजेतूनच ‘रिमोट स्टार्टर’ हे उपकरण उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत घरोघरी पोहोचले.

आज अनेक नव्या गाड्यांत ही सोय कारखान्यातूनच बसवून मिळते. जुन्या गाडीच्या मालकास मात्र हे उपकरण बाजारातून वेगळे विकत घ्यावे लागते आणि ते बसवून देण्याची मजुरीही थोडीथोडकी नसते. साहजिकच, सुटीच्या दिवशी हत्यारे घेऊन हे काम स्वतःच करणारे हौशी तेथे बरेच आढळतात. भारतातून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी तिकडे गेलेल्या अनेक तरुणांची पहिली गाडी जुनीच असते. त्यामुळे हा विषय इकडच्या घरांतही कधीमधी निघतो. वाचलेली मजुरी ही बचत खरीच. परंतु तिच्याबरोबर कोणती जोखीम पत्करली जाते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

हँडलपासून रिमोटपर्यंत

मोटारीच्या आरंभकाळात इंजिन सुरू करण्यासाठी समोरून लोखंडी हँडल फिरवावे लागे. आपल्याकडे जुन्या अ‍ॅम्बॅसॅडर गाड्या व जीप चालविलेल्यांना हे हँडल चांगले आठवत असेल. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडण्याची भीती असे. म्हणून हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, अशी शिकवण जाणते चालक देत. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी १९११ मध्ये विजेवर चालणारा स्टार्टर सिद्ध केला आणि कॅडिलॅक कंपनीच्या १९१२ च्या गाड्यांत तो बसविला गेला. त्यामुळे चालक गाडीसमोरून उठून आसनावर आला.

रिमोट स्टार्टरने चालकाला आसनावरूनही उठविले. वरवर पाहता हे त्याच मार्गावरील पुढचे पाऊल वाटते. परंतु एक महत्त्वाचा फरक आहे. आसनावर बसलेला चालक किल्ली फिरविण्यापूर्वी नकळत अनेक गोष्टी पाहत असतो. गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना, बॉनेट उघडून कोणी वाकलेले नाही ना, गॅरेजचे दार उघडे आहे ना, हे सारे त्याच्या नजरेखालून जाते. घरातून कळ दाबणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. ही नजर उपकरणालाच पुरवावी लागते आणि बसविण्याच्या कामाचा खरा कस तेथेच लागतो.

उपकरणाचे कार्य

किल्लीच्या कुलपामागे काही जाड तारा असतात. एकीत बॅटरीचा १२ व्होल्टचा प्रवाह सदैव असतो. दुसरी इग्निशनची, तिच्यात किल्ली ‘ऑन’ स्थितीत असताना आणि स्टार्टर फिरत असतानाही प्रवाह राहतो. तिसरी पंखा, हीटर यांसारख्या साधनांची; स्टार्टर फिरताना तिचा प्रवाह क्षणभर खंडित होतो. चौथी स्टार्टरची, तिच्यात केवळ स्टार्टर फिरतो तेवढाच वेळ प्रवाह येतो. उपकरणातील रिले या तारांना योग्य क्रमाने प्रवाह देतात, म्हणजेच किल्ली फिरविल्याचे सोंग वठवितात.

या तारा रंगावरून ओळखण्याच्या भरीस पडू नये. जुन्या गाडीत आधीच्या मालकाने काय जोडले, काय तोडले, याचा नेम नसतो. प्रत्येक तार मल्टिमीटरने, किल्लीच्या प्रत्येक स्थितीत तपासावी. दिव्याचा साधा टेस्टर वापरू नये. तो जास्त प्रवाह ओढतो आणि त्यामुळे इलेक्ट्रॉनिक भागांना इजा होऊ शकते. एअरबॅगच्या तारांवर सहसा पिवळे आवरण असते. त्यांना हात लावू नये. जोडणी करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढून काही मिनिटे थांबावे. नुसते पीळ देऊन टेप गुंडाळलेले सांधे कालांतराने सैल होऊन तापतात. म्हणून सांध्याला डाख द्यावा आणि जाड तारांवर फ्यूज अवश्य ठेवावा.

कार्बुरेटरच्या गाडीला हे उपकरण सहसा मानवत नाही; कारण थंडीत अशी गाडी सुरू करताना चोक ओढावा लागतो, अ‍ॅक्सिलरेटर दाबावा लागतो. डिझेलच्या गाडीत ग्लो प्लग तापेपर्यंत थांबण्याची व्यवस्था उपकरणात असावी लागते. बॅटरी दुबळी असेल तर रिमोटने ती सबळ होत नाही. बॅटरीची थंडीतील क्षमता उणे १८ अंशांना मोजून तिच्यावर छापलेली असते. थंड प्रदेशात बॅटरी घेताना तो आकडा प्रथम पाहावा.

वगळण्याचा मोह होणाऱ्या तारा

मुख्य तारा जोडल्या की रिमोटने इंजिन सुरू होते. दिवसभर डॅशबोर्डखाली मान वाकवून बसलेल्या हौशी माणसाला वाटते, काम फत्ते झाले! उरलेल्या बारीक तारा मग ‘पुढे पाहू’ म्हणून गुंडाळून ठेवल्या जातात. वास्तविक त्याच तारा गैरहजर चालकाची नजर असतात.

पहिली तार बॉनेटखालील लहानशा स्विचची. बॉनेट उघडे असता इंजिन सुरू होऊ नये आणि पट्ट्याजवळ हात घातलेल्या माणसाची बोटे वाचावीत, हे तिचे काम. दुसरी ब्रेकची. किल्ली न लावता कोणी आत बसून ब्रेक दाबला की इंजिन बंद पडावे, अशी योजना तिच्यामुळे साधते. तिसरी इंजिनाच्या फेऱ्या मोजणारी. इंजिन सुरू होताच स्टार्टर सोडायचा, हे उपकरणाला तीच सांगते. चौथी गिअरच्या स्थितीची.

ही चौथी बाब विशेष गंभीर आहे. स्वयंचलित गिअरच्या गाडीत पार्क वा न्यूट्रलखेरीज स्टार्टर फिरू नये, अशी सोय मुळातच असते. हाताने गिअर टाकण्याच्या गाडीत मात्र पहिला गिअर टाकून गाडी उभी करण्याची सवय अनेकांना असते. अशी गाडी दुरून सुरू केली तर ती जागच्या जागी थांबत नाही. पुढे झेप घेते. समोर भिंत आहे की मूल खेळते आहे, हे तिला कळत नाही. म्हणून अशा गाड्यांसाठीच्या उपकरणांत एक ठरावीक क्रम असतो. चालकाने इंजिन चालू असतानाच गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, हँडब्रेक ओढावा, खाली उतरून दार लावावे आणि मगच रिमोटने इंजिन बंद करावे. त्यानंतर कोणतेही दार उघडले गेले तर रिमोट निरुपयोगी ठरतो. दारांचे स्विच व हँडब्रेकची तार न जोडता क्लचचा स्विच मात्र जोडून टाकणे, म्हणजे अपघाताला आमंत्रण देणेच होय.

न दिसणारे धोके

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक ओढीने जोडला जातो. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये गाडी सुरू झाली तर हा वायू घरात शिरू शकतो. दार उघडे ठेवल्यानेही धोका पुरता टळत नाही. खिशातील रिमोटची कळ चुकून दाबली जाऊ शकते. म्हणून दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन आपोआप बंद होण्याची मुदत कधीही वाढवू नये आणि बंद गॅरेजमध्ये ही सोय वापरूच नये. घरात या वायूची सूचना देणारे यंत्र असणे इष्ट.

दुसरा प्रश्न चोरीचा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक गाड्यांच्या किल्लीत सांकेतिक चकती आली. कॅनडाने सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांना अशी चोरीप्रतिबंधक व्यवस्था सक्तीची केली. रिमोटने गाडी सुरू करताना ही व्यवस्था ओलांडावी लागते. त्यासाठी जादा किल्ली डॅशबोर्डमागे दडविण्याचा उपाय काहीजण करतात. स्वस्तात काम होते. पण तिजोरीची किल्ली तिजोरीलाच टांगून ठेवण्यासारखे ते आहे.

भारतातील चालकांसाठी

आपल्याकडे कडाक्याच्या थंडीपेक्षा उन्हात तापलेली गाडी थंड करण्यासाठी या उपकरणाचा मोह पडतो. जुन्या गाड्या बहुतांशी हाताने गिअर टाकण्याच्या असल्याने वरील इशारा येथे अधिकच लागू होतो. शिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार सार्वजनिक ठिकाणी गाडी उभी करताना चालकाच्या आसनावर परवानाधारक व्यक्ती असावी लागते, अन्यथा इंजिन बंद करून ब्रेक लावलेला असावा लागतो. रस्त्याकडेला रिकामी गाडी सुरू ठेवणे या तरतुदीत बसत नाही. गाडीच्या विद्युतजोडणीत बदल करण्यापूर्वी विमा कंपनीस विचारून घ्यावे, हेही श्रेयस्कर.

काम पुरे झाल्याची कसोटी

गाडी मोकळ्या, सपाट जागी उभी करावी, समोर कोणासही उभे राहू देऊ नये आणि मग एकेक परीक्षा घ्यावी. बॉनेट उघडून कळ दाबावी; इंजिन सुरू होता कामा नये. इंजिन चालू असता किल्ली न लावता ब्रेक दाबावा. ते तत्काळ बंद पडले पाहिजे. हाताच्या गिअरची गाडी असल्यास न्यूट्रलमध्येच ठेवून, क्रम पुरा झाल्यावर दार उघडून पुन्हा लावावे. रिमोटला प्रतिसाद मिळता कामा नये. यांपैकी एका परीक्षेतही गाडी नापास झाली, तर उपकरणाचा फ्यूज काढून ठेवावा आणि जाणकार तंत्रज्ञाला बोलवावे. हाकेला ओ देणारी गाडी कोणालाही आवडते. परंतु जी योग्य वेळी गप्प राहते, तीच घराच्या अंगणात निर्धास्तपणे ठेवता येते.