कोंबडीच्या कोवळ्या पिलांसाठी जाळीचा वाडा

वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया, कावेरी ही नावे आता खेड्यापाड्यांतल्या परसात चांगलीच रुळली आहेत. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेली वनराज घ्या किंवा बंगलोरची गिरिराज घ्या, या कोंबड्या दिसायला गावठीसारख्या रंगीत, उकिरड्यावर चरून पोट भरणाऱ्या आणि तरीही वाढीला व अंड्याला गावठीपेक्षा सरस आहेत. म्हणून घरातली बाई पंचवीस पिले आणते, पहिला महिना टोपलीत, बल्बखाली जिवापाड सांभाळते, आणि सहाव्या आठवड्यात पिले अंगणात सोडली की पंधरा दिवसांत त्यांतली निम्मीशिम्मी दिसेनाशी होतात. ‘ही जात आपल्याकडे टिकत नाही,’ असा निष्कर्ष निघतो. बहुतेक वेळा दोष जातीचा नसतो. पिले मेलेली नसतात, ती खाल्ली गेलेली असतात.

असे का होते हे आधी समजून घेऊ. गावठी खुडूक कोंबडी आपली पिले घेऊन फिरते तेव्हा तिचा एक डोळा दाण्यावर आणि एक आभाळावर असतो. घारीची सावली पडली की ती विशिष्ट आवाज काढते, आणि पिले क्षणात तिच्या पंखाखाली किंवा झुडपाखाली शिरतात. हे शिक्षण पिलांना पहिल्या दिवसापासून आईकडून मिळते. उबवणी यंत्रातून आलेल्या पिलांना आई नाही. त्यांना मांजर म्हणजे काय हे ठाऊक नाही, आणि उघड्यावर उभे राहू नये हे कोणी सांगितलेले नाही. आईचे हे काम तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत आपल्याला जाळीकडून करून घ्यायचे आहे.

मी कृषिविद्येचा माणूस, पशुवैद्य नव्हे. त्यामुळे औषधोपचाराबद्दल येथे फार लिहीत नाही. पण जागा, कुंपण, सावली आणि माती या गोष्टी आमच्या विषयातल्या आहेत, आणि पिलांचे निम्मे भवितव्य त्यांवरच ठरते.

कोणी नेले ते ओळखा

पिलू गेले की मांजराला शिव्या घालून मोकळे होण्याची आपली पद्धत आहे. परंतु प्रत्येक शत्रूची वाट वेगळी असल्याने आधी चोर ओळखावा लागतो. भर दिवसा एकच पिलू गेले, मागे काही खूण नाही, तर घार किंवा शिक्रा समजावा; अगदी लहान पिलू असेल तर कावळाही. कोपऱ्यात पिसांचा पुंजका पडला आहे आणि पिलू उचलून नेले आहे, तर मांजर. एकाच वेळी चार-सहा पिले मारून टाकली आहेत, मानेला आणि डोक्याला चावे आहेत, आणि बरीचशी तशीच टाकून दिली आहेत, तर बहुधा मुंगूस. मुंगूस दिवसा शिकार करतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण रात्री दार लावून आपण निर्धास्त होतो आणि दिवसा घर शेतावर गेलेले असते. रात्री पिलू ओढून बिळाच्या तोंडाशी नेलेले किंवा पाय कुरतडलेले दिसले तर घूस. पिसे नाहीत, रक्त नाही, ओरडा नाही आणि पिलू नाही, असे असेल तर साप आला असावा.

साप बहुतेक वेळा आधी उंदरांच्या मागे येतो. सांडलेला दाणा उंदरांना बोलावतो, उंदीर सापाला बोलावतात. म्हणून खाद्याचे भांडे रात्री आत ठेवू नये. आणि एक विनंती आहे. अंधारात खुराड्यात हात घालून कोंबडी किंवा अंडे चाचपण्याची सवय घराघरांत आहे, ती आजपासून बंद करा. आधी बॅटरीचा उजेड, मग हात. नाग आढळल्यास सर्पमित्राला बोलवावे. कोणाला चावलाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता प्रतिसर्पविष असलेले सरकारी रुग्णालय गाठावे. पंचवीस पिलांची किंमत घरातल्या माणसापुढे काहीच नाही.

वाडा कसा असावा

पंचवीस पिलांसाठी १० फूट रुंद व १५ फूट लांब असा वाडा पुरेसा होतो. जागा असल्यास असेच दोन वाडे शेजारी-शेजारी करावेत. त्याचे कारण पुढे येईल. उंची ६ फूट ठेवावी. तीन फुटी वाडा स्वस्त पडतो हे खरे, पण त्यात वाकून झाडलोट करावी लागते, आणि जिथे वाकावे लागते तिथली झाडलोट आठवडाभरात बंद पडते, असा अनुभव आहे. खांबांना बांबू, सुबाभूळ, निलगिरी काहीही चालेल. जमिनीत जाणाऱ्या भागाला डांबर किंवा जळके ऑइल लावून ते पूर्ण वाळल्यावरच खांब पुरावेत, म्हणजे वाळवी लवकर लागत नाही.

बाजारात मिळणारी षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, पण शत्रूला बाहेर ठेवेलच असे नाही. एक इंची भोकातून उंदीर व लहान साप सहज येतात, आणि बारीक तार कुत्रा दाताने फाडतो. म्हणून जमिनीपासून दीड ते दोन फुटांपर्यंत अर्धा इंची वेल्डमेश जाळी लावावी आणि त्यावर षटकोनी जाळी चालवावी. सगळीकडे भारी जाळी लावण्याची गरज नाही. जिथे दात आणि नखे पोचतात तिथेच खर्च करावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जी मी पाहिलेल्या बहुतेक वाड्यांत नसते. मुंगूस, कुत्रा किंवा कोल्हा जाळीला येऊन थडकला की अगदी तिच्या पायथ्याशीच उकरू लागतो. एक-दोन हात मागे सरकून तिथून बोगदा काढावा, इतका विचार तो करीत नाही. याचा फायदा घ्यावा. दीड ते दोन फूट रुंदीची जाळीची पट्टी कुंपणाच्या पायथ्याला बांधून बाहेरच्या बाजूने जमिनीवर आडवी पसरावी, दगडांनी दाबावी आणि वर चार बोटे माती टाकावी. पावसाळ्यात तिच्यातून गवत उगवते आणि पट्टी जमिनीशी एकजीव होते. उकरणाऱ्याच्या पंजाला जाळी लागते आणि तो नाद सोडतो. ज्यांना चर खणणे सोपे वाटते त्यांनी जाळी एक फूट खोल पुरावी. मात्र मुरमाड व खडकाळ जमिनीत आडवी पट्टीच परवडते, आणि काळ्या जमिनीत उन्हाळ्यात भेगा पडून पुरलेल्या जाळीशेजारी वाट तयार होते, हेही ध्यानात घ्यावे.

जाळी कितीही चांगली असली तरी दाराखालची दोन बोटांची फट सगळे वाया घालवते. उंबऱ्याखाली शहाबादी फरशी बसवावी आणि दार तिच्यावर टेकेल असे करावे. नुसती दोरी न बांधता कडी आणि आकडा लावावा.

वरून नायलॉनचे जाळे घालावे. मासेमारीचे जुने जाळे चालते. ते ताणून बांधावे. झोळ पडला तर मांजर वर चढते आणि खाली आलेल्या जाळ्यातून पंजा घालते. वाड्यात दोन-तीन डालगी पालथी घालून, एका बाजूने दगडावर उचलून ठेवावीत. आभाळात घार दिसली की पिले आपोआप त्यांखाली शिरू लागतात.

सावली, पाणी आणि माती

कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते तेव्हा तिची उष्णता कमी होते. म्हणून वाड्याचा किमान तिसरा हिस्सा दुपारीही सावलीत हवा. पश्चिमेच्या बाजूला वाल किंवा दुधी भोपळ्याचा वेल चढवावा. वेल वरच्या जाळ्यावर पसरू देऊ नये, कारण पावसात भिजून त्याचे ओझे होते आणि जाळे खाली बसते. बाजूला शेवगा किंवा हादगा लावल्यास सावलीही मिळते आणि पाला खायलाही होतो. घाणेरी आणि कण्हेर मात्र वाड्याजवळ ठेवू नयेत.

पाण्याच्या पसरट भांड्यात लहान पिलू भिजते, गारठते आणि बुडतेही. भांड्यात गोटे टाकावेत म्हणजे चोच जाईल, पिलू जाणार नाही.

आपल्या शेतकऱ्याच्या घरी आणखी एक धोका असतो, त्याबद्दल फारसे कोणी बोलत नाही. दाणेदार कीटकनाशक पिलाला दाणाच वाटते. बीजप्रक्रिया केलेले लाल-गुलाबी बियाणे आणि उंदरांसाठी ठेवलेले झिंक फॉस्फाइडचे आमिष यांचेही तसेच. पेरणीच्या दिवसांत पोत्यातून सांडलेले चार दाणे पिलांचा घात करतात. बियाण्याची पोती वाड्याजवळ झटकू नयेत आणि औषधे कुलपात ठेवावीत.

ओल्या जमिनीवर रक्ती हगवण येते. तिचे सूक्ष्म जंतू विष्ठेतून बाहेर पडतात आणि ऊब व ओल मिळाली की एक-दोन दिवसांतच रोग पसरविण्यास तयार होतात. नेहमीची जंतुनाशके त्यांच्यावर फारशी चालत नाहीत; कोरडेपणा चालतो. दोन वाडे सुचवले ते यासाठीच. एकात पिले असताना दुसरा उन्हात तापू द्यावा, आणि दर दोन-तीन आठवड्यांनी बदल करावा. विष्ठेत रक्त दिसताच पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. कोकणात वाड्याची जमीन जांभ्याचा भराव घालून उंच केल्याशिवाय पावसाळ्यात पिले बाहेर काढूच नयेत. माझ्या मते पिले आणायची उत्तम वेळ म्हणजे पाऊस ओसरता सप्टेंबर-ऑक्टोबर. ती बाहेर पडतात तेव्हा जमीन कोरडी असते आणि ऊन सोसवते.

रात्रीचे घर

वाडा दिवसापुरता आहे. रात्रीसाठी ५ फूट बाय ८ फुटांचे खुराडे जमिनीपासून दीड-दोन फूट उंच पायांवर करावे. बारा आठवड्यांपर्यंत प्रत्येक पक्ष्याला दीड चौरस फूट जागा मिळते. पुढे नर विकले की उरलेल्या तलंगांना भरपूर होते. तळाला अर्धा इंची जाळी किंवा फरशी हवी, नाहीतर घूस खालून वर येते. लाल मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. सूर्य मावळण्यापूर्वी दार लागलेच पाहिजे आणि पिले मोजलीच पाहिजेत.

शत्रूंना विष घालण्याचा मोह टाळावा. मुंगूस, रानमांजर आणि नाग यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. शिवाय विषाचे मांस घार, गावातला कुत्रा आणि कधी शेजाऱ्याचे जनावरही खाते. धामण आणि मुंगूस आपल्याच शेतातले उंदीर मारतात, हा हिशेब भुईमूग आणि हरभऱ्याच्या शेतकऱ्याला सांगायला नको.

बाहेर सोडताना

पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअसची ऊब आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंशांनी कमी, असे करीत पिलांना बाहेरच्या हवेची सवय लावावी. अंगावर पूर्ण पिसे आल्याखेरीज वाड्यात सोडू नये. मानमोडी, गंबोरो आणि देवीच्या लसी दवाखान्याच्या वेळापत्रकाप्रमाणे घ्याव्यात. बाहेरून आणलेली कोंबडी लगेच यांच्यात मिसळू नये. २००६ साली नवापूरला आणि २०२१ साली परभणी जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लूने काय झाले ते आपण पाहिले आहे. पहिले चार दिवस दव गेल्यावर दोन तासच बाहेर, मग हळूहळू वेळ वाढवावा.

बारा-चौदा आठवड्यांचे पक्षी वाड्याबाहेर मोकळे सोडायचे असतील तर सकाळी सोडू नयेत. त्या दिवशी दुपारचे खाद्य द्यायचे नाही, आणि सूर्य मावळायला तासभर असताना दार उघडायचे. ते लांब जाण्याआधीच अंधार पडू लागतो, पोटात भूक असते, आणि डब्यात दाणे खुळखुळवले की सगळे खुराड्याकडे वळतात. असे आठ दिवस करावे, मग सकाळचे दार उघडावे.