हत्तीचे ३०, उंदराचे ६००

आलापल्लीच्या सागाच्या जंगलातून पुढे गेलं की वनविभागाचा कमलापूरचा हत्ती कॅम्प लागतो. निवांत उभ्या हत्तीच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण ३० पडतात. माणसाचे ७२. आणि प्रयोगशाळेतल्या इवल्याशा पांढऱ्या उंदराचे? सुमारे ६००! सेकंदाला १०. स्टेथोस्कोप लावला तरी कानाला नुसती घरघर ऐकू येईल. मग हे मोजायचे कसे?

ते काम संगणकाचं. तो मोजतो मात्र दोन ठोक्यांमधला वेळ. प्रत्येक ठोक्याआधी हृदयातून विजेची लहर जाते, जेमतेम मिलिव्होल्टभर किंवा त्याहूनही कमी. ती इलेक्ट्रोडने टिपून कित्येक पट वाढवतात आणि सेकंदाला हजार वेळा तरी नोंदवतात. आलेखात उंच सुळका दिसला की संगणक वेळ लिहून ठेवतो. पुढचा सुळका १०० मिलिसेकंदांनी आला, तर एका मिनिटाचे ६०,००० मिलिसेकंद भागिले १००. पडद्यावर उमटतं : ६००.

खरी गंमत पुढे आहे. सुळके ओळखण्याची पॅन आणि टॉम्पकिन्स यांची १९८५ची रीत आजही वापरात आहे. तिच्यात एक नियम आहे : एक ठोका सापडला की २०० मिलिसेकंद दुसरा मानायचाच नाही. माणसाच्या हृदयाला हे चोख बसतं. उंदराच्या हृदयाचे तेवढ्यात दोन ठोके होऊन जातात! हाच नियम त्याला लावला तर निदान निम्मे ठोके गळतील. म्हणून प्राणी बदलला की प्रोग्रॅममधले आकडेही बदलावे लागतात.

दुसरी अडचण भीतीची. उंदराला हातात धरलं की ठोके वाढतात. मोजलं जातं ते घाबरलेलं हृदय. १९०९मध्ये लंडनला ऑगस्टस वॉलर यांनी आपल्या जिमी या बुलडॉगचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून हृदयाची वीज लोकांना दाखवली, तेव्हा प्राण्याला त्रास झाला का, असा प्रश्न थेट ब्रिटिश संसदेत विचारला गेला. आता शस्त्रक्रिया करून छोटा ट्रान्समीटर शरीरात बसवतात. जखम भरली की उंदीर पिंजऱ्यात झोपलेला असतो आणि आकडा रेडिओलहरींवरून पडद्यावर येत राहतो.

आता थोडा हिशेब. दोन वर्षं जगणाऱ्या उंदराचे आयुष्यभरात सुमारे ६३ कोटी ठोके होतात, ६० वर्षं जगणाऱ्या हत्तीचे सुमारे ९५ कोटी. आयुष्यात ३० पटींचा फरक, ठोक्यांत फक्त दीडपट.