युद्ध शिकवावे कसे?

युद्ध आपण सनावळीने शिकतो. कोण जिंकले, तह कधी झाला, हे पाठ केले की गुण मिळतात. माणसाचे काय झाले ते मात्र कळत नाही. हिरोशिमाने यावर दोन मार्ग दाखविले आहेत. ते विद्यार्थी मित्रांनी समजून घ्यावेत, असे आम्हांस वाटते.

पहिला मार्ग पुस्तकाचा. ६ ऑगस्ट १९४५ रोजी शहरावर अणुबॉम्ब पडला. वर्षअखेरपर्यंत सुमारे १,४०,००० माणसे मेली. त्यांत सहा वर्षांच्या केइजी नाकाझावाचे वडील, बहीण व भाऊ होते. मोठेपणी, १९७३ पासून, त्यांनी ‘हादाशी नो गेन’ (अनवाणी गेन) ही चित्रकथा काढली. लाखाचा आकडा मनात मावत नाही. एक उद्ध्वस्त घर मावते. २०२३ मध्ये तेथील शिक्षण मंडळाने तिचे उतारे शांतता-शिक्षणाच्या साहित्यातून काढले. म्हणून अशी पुस्तके अभ्यासक्रमाची वाट न पाहता आपणच मिळवून वाचावीत.

दुसरा मार्ग ऐकण्याचा. बॉम्बमधून वाचलेले लोक मुलांना आपबीती सांगत आले. त्यांच्या ‘निहोन हिदान्क्यो’ संघटनेस २०२४ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले. आज त्यांचे सरासरी वय ८५ च्या पुढे आहे. म्हणून महापालिकेने २०१२ पासून, त्यांची कहाणी शिकून पुढे सांगणारे वारसदार तयार करणे सुरू केले.

पुस्तकाला उलट प्रश्न विचारता येत नाही आणि सांगणारा माणूस कायमचा नसतो. म्हणून दोन्ही हवेत. आपल्या वस्तीत निवृत्त सैनिक असतील, तर आधी त्या युद्धाविषयी वाचावे, मग त्यांच्याकडे जावे. किती शत्रू मारले, हे विचारू नये. सोबतचे कोण परतले नाहीत, हे विचारावे. ते सांगतील तेवढे, त्यांच्या संमतीने, लिहून ठेवावे.