आकडा बोटाचा, रेषा स्वराची : बेस गिटारच्या दोन लिप्या

राजधानी दिल्ली आणि तिच्या भोवतीच्या नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या शहरांत बेस गिटार शिकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यासमोर आरंभीच दोन लिप्या येतात. एक टॅब्लेचर, म्हणजेच प्रचलित भाषेत ‘टॅब’. दुसरी पाच रेषांची पाश्चात्त्य स्वरलिपी, म्हणजेच स्टाफ नोटेशन. टॅब एका बैठकीत समजते. स्टाफ नोटेशन अंगवळणी पडण्यास बराच सराव लागतो. साहजिकच अनेकांचा कल टॅबकडे असतो. तारा नेहमीच्या स्वरांत लावलेल्या असतात तोवर हे निभावून जाते. जुळणी बदलली, की मात्र कागदावरचा तोच आकडा वेगळा स्वर देऊ लागतो आणि या दोन लिप्यांतील मूलभूत भेद समोर येतो.

चार तारा, चार स्वर

अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कंपनीने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ हे वाद्य बाजारात आणले आणि विजेवर चालणारी बेस गिटार रूढ झाली. तिच्या चार तारा जाडीकडून बारकीकडे ई, ए, डी, जी या स्वरांत लावतात. जाड ई तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१ असते. प्रत्येक तार तिच्या आधीच्या तारेच्या शुद्ध मध्यमात असते. म्हणजे ई हा षड्ज मानला तर ए हा मध्यम.

भारतीय संगीतात ही जुळणी बदलण्यामागे सबळ कारण असते. आपल्याकडे संपूर्ण चीज एका षड्जावर स्थिर राहते आणि तो षड्ज गायकाच्या पट्टीप्रमाणे ठरतो. गायकाची पट्टी पांढरी दोन, म्हणजे डी, असेल तर बेसची जाड तार ईवरून डीवर उतरवल्यास मंद्र षड्ज मोकळ्या तारेवर मिळतो. शेजारची ए तार आपोआप त्याचा पंचम होते आणि तंबोऱ्यातील षड्ज-पंचमाचा आधार बेसवर उभा राहतो. रॉक संगीतात याच जुळणीला ‘ड्रॉप डी’ म्हणतात. सर्वच तारा अर्धा स्वर उतरवण्याचीही पद्धत आहे. त्या वेळी जाड तार काळी दोनमध्ये येते.

दिल्लीला भारतीय चाली आणि बेस यांची सांगड नवी नाही. सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती यांनी १९९० मध्ये येथे ‘इंडियन ओशन’ हा वाद्यवृंद स्थापन केला. त्यात पुढे सहभागी झालेले बेसवादक व गायक राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनातही कार्यरत होते. वृंदाच्या २००० मधील ‘कंदिसा’ या अल्बममध्ये नर्मदेवरील ‘मा रेवा’ या गीताचा समावेश आहे.

तीन या आकड्याचे तीन अर्थ

टॅबमध्ये चार आडव्या रेषा म्हणजे चार तारा. सर्वांत खालची रेषा जाड तारेची. रेषेवरील आकडा कितव्या पडद्यावर बोट ठेवायचे ते सांगतो. शून्य म्हणजे मोकळी तार. स्वराचे नाव टॅबमध्ये नसते.

खालच्या रेषेवर तीन हा आकडा आहे असे समजू. नेहमीच्या जुळणीत येथे जी वाजेल. तार डीवर उतरवली असेल तर त्याच पडद्यावर एफ वाजेल. सर्व तारा अर्धा स्वर उतरवल्या असतील तर जीच्या अर्धा स्वर खालचा स्वर मिळेल. बोट तेच, पडदा तोच, स्वर मात्र तीन. म्हणून टॅबच्या माथ्यावर जुळणी लिहिलेली नसेल तर ती टॅब अपुरी समजावी.

पाच रेषांच्या लिपीत याच्या उलट घडते. तेथे रेषेवरचे किंवा दोन रेषांमधले चिन्ह स्वर दाखवते, बोटाची जागा नव्हे. जी हवा असेल तर चिन्ह जीच्याच जागी राहते. ड्रॉप डीमध्ये तो तिसऱ्याऐवजी पाचव्या पडद्यावर शोधण्याचे काम वादकाचे. पाच तारांच्या बेसवर जाड बी तार जादा असते. तिच्या तिसऱ्या पडद्यावर तोच खालचा डी मिळतो आणि तार उतरवण्याची गरजच राहत नाही. अशा वादकासाठी टॅब नव्याने लिहावी लागते, स्टाफ नोटेशन मात्र जसेच्या तसे चालते.

स्टाफ नोटेशनलाही मर्यादा आहेत. एकच स्वर बेसवर अनेक ठिकाणी मिळतो. मोकळ्या डी तारेचा स्वर ए तारेच्या पाचव्या आणि ई तारेच्या दहाव्या पडद्यावरही आहे. तिन्ही ठिकाणी त्याचा पोत निराळा लागतो. यांपैकी कोणती जागा घ्यायची हे नुसत्या चिन्हावरून कळत नाही. टॅब ते नेमके सांगते. शिवाय बेसचे स्वर वाजतात त्यापेक्षा एक सप्तक वर लिहिण्याचा संकेत आहे, हेही लक्षात ठेवावे लागते.

काळाच्या बाबतीत स्टाफ नोटेशन सरस ठरते. स्वर किती मात्रा टिकवायचा, कोठे थांबायचे, हे तेथे चिन्हाच्या आकारावरूनच समजते. साध्या टॅबमध्ये आकड्यांची रांग असते, लय नसते. मूळ गाणे कानात नसेल तर ती वाजवणे अवघड होते.

प्रश्न जुनाच

टॅब ही आधुनिक क्लृप्ती आहे असा समज आढळतो. वस्तुतः व्हेनिस येथे १५०७ मध्येच ल्यूट या तंतुवाद्यासाठी टॅब्लेचरचे पुस्तक छापले गेले होते. बदललेल्या जुळणीचा पेचही तितकाच जुना आहे. हाइनरिश बिबर या संगीतकाराने १६७६ च्या सुमारास व्हायोलिनसाठी ‘रोझरी सोनाटा’ रचले. त्यातील बहुतेक रचनांमध्ये व्हायोलिनच्या तारा वेगवेगळ्या स्वरांत लावाव्या लागतात. बिबरने त्या पाच रेषांवरच लिहिल्या, परंतु चिन्हे बोटांच्या जागेनुसार मांडली. कागदावर दिसणारा स्वर आणि ऐकू येणारा स्वर भिन्न! तेथे स्टाफ नोटेशननेच टॅबचे काम केले.

सर्व तारा अर्धा स्वर उतरवलेल्या गाण्यांच्या बाबतीत आजही दोन प्रथा आहेत. काही पुस्तके प्रत्यक्ष वाजणारा स्वर लिहितात. काही नेहमीच्या जुळणीप्रमाणे लिहून माथ्यावर सूचना देतात. ती सूचना नजरेतून सुटली तर वादक इतरांपेक्षा अर्धा स्वर वर किंवा खाली वाजवत राहतो.

तिसरा मार्ग

मराठी वाचकाला या दोहोंपलीकडची एक लिपी परिचयाची आहे. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या स्वरलिपीत सा, रे, ग, म ही अक्षरे षड्जापासूनचे अंतर सांगतात. पट्टी कोणतीही असो, लिहिलेले बदलत नाही. मंद्र स्वराखाली बिंदू, कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तालासाठी सम-खालीच्या खुणा असल्याने तिच्यात लयही सांभाळली जाते. भातखंडे यांच्या पुढाकाराने १९१६ मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद झाली. दुसरी परिषद १९१८ मध्ये दिल्लीतच भरली होती.

अर्थात सरगम अंतर सांगते, स्टाफ स्वर सांगतो आणि टॅब जागा सांगते. यांपैकी एकच ज्ञात असलेला वादक परिस्थिती बदलताच अडतो. गायकाने आयत्या वेळी पट्टी बदलली तर टॅबमधील प्रत्येक आकडा नव्याने मोजावा लागतो. चाल सरगममध्ये पाठ असेल तर केवळ षड्ज हलवावा लागतो.

वाचताना घ्यायची दक्षता

टॅब हाती आली की प्रथम जुळणी आणि तारांची संख्या पाहावी. तार दोन अर्धस्वर उतरवली असेल तर नेहमीच्या जुळणीसाठी लिहिलेल्या टॅबमधील त्या तारेच्या प्रत्येक आकड्यात दोन मिळवावेत. इतर तारांचे आकडे तसेच राहतात. जुळणीचा उल्लेख नसल्यास मूळ ध्वनिमुद्रणातील सर्वांत खालचा स्वर तपासावा. तो ईच्याही खाली जात असेल तर जाड तार उतरवलेली आहे किंवा वाद्य पाच तारांचे आहे, असे समजावे. तार फार उतरवल्यास ती सैल पडून पडद्यांवर खरखरते. अशा वेळी अधिक जाड तार बसवणे श्रेयस्कर.

ट्रिनिटी आणि रॉकस्कूल या ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या बेस गिटारच्या पुस्तकांत वर पाच रेषा आणि खाली टॅब अशी जोडमांडणी असते. खालच्या आकड्यावर बोट ठेवतानाच वरच्या रेषेवरचा स्वर उच्चारण्याची सवय आरंभापासून लावून घेतल्यास दुसरी लिपी वेगळी शिकावी लागत नाही आणि जुळणी बदलली तरी आपण कोणता स्वर वाजवत आहोत याचे भान सुटत नाही.