एलईडीचा पांढरा उजेड आणि आपली झोप

२०१५ च्या सुरुवातीला मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचे सोडियमचे पिवळे दिवे उतरवून तिथे पांढरे एलईडी लावण्यात आले. ‘राणीचा हार’ सोन्याचा होता, तो चांदीचा झाला. मुंबईकरांनी ओरड केली, राजकीय पक्षांत जुंपली, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि पुढे तिथे पिवळसर छटेचे दिवे आले. वाद होता तो शोभेचा. त्या पांढऱ्या उजेडाचा शरीरावर काय परिणाम होतो, हा प्रश्न मागेच राहिला. बाकीच्या गावांकडे तर मिरवायला हारही नव्हता. तिथे दिवे बदलले आणि तसेच राहिले.

एलईडीने वीज वाचते, यात शंका नाही. ६० वॅटच्या जुन्या बल्बचे काम ९ वॅटचा एलईडी करतो, आणि सीएफएलमध्ये असतो तसा पारा त्यात नसतो. ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेतून असे कोट्यवधी बल्ब घरोघरी गेले. घरांची बिले कमी झाली, ही चांगलीच गोष्ट. मात्र या जमाखर्चात वॅट मोजले गेले, उजेडाचा रंग मोजायचा राहून गेला.

पांढरा एलईडी मुळात निळा असतो. त्यातली चकती निळा प्रकाश देते आणि तिच्यावरचा पिवळसर लेप त्यातला काही भाग इतर रंगांत बदलतो. हे सगळे एकत्र आले की डोळ्याला पांढरे दिसते. याच निळ्या एलईडीच्या शोधासाठी २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना मिळाले. लेप पातळ असेल तर निळा भाग जास्त उरतो. खोक्यावर हे केल्विनच्या आकड्यात छापलेले असते. सोडियम दिवा साधारण २०००, जुना पिवळा बल्ब २७००, आणि दुकानात नुसते ‘एलईडी द्या’ म्हटले की बहुधा हातात येतो तो ६५००. आकडा जितका मोठा, तितका उजेड निळसर. दिव्याच्या तेजाशी या आकड्याचा संबंध नाही. ते वेगळे मोजतात. ग्राहकाला हे कोणी सांगत नाही आणि दुकानदारालाही ते माहीत असतेच असे नाही.

डोळ्याच्या दृष्टिपटलात पाहण्याचे काम करणाऱ्या पेशींखेरीज आणखी काही पेशी असतात. चित्र दाखवणे हे त्यांचे मुख्य काम नव्हे. बाहेर दिवस आहे की रात्र, हे त्या मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. २००२ च्या सुमारास त्यांची नेमकी ओळख पटली. सुमारे ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. स्वच्छ आकाशाच्या निळाईला सरावलेल्या शरीराच्या दृष्टीने हे बरोबरच आहे. पण रात्री साडेनऊला बैठकीच्या खोलीत ६५०० चा दिवा डोक्यावर जळत असेल, तर मेंदूला निरोप जातो की अजून उजेड आहे. मग पिनियल ग्रंथीतून मेलाटोनिन स्रवणे लांबते आणि झोपही लांबते.

याचा त्रास सर्वांना सारखा होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात संध्याकाळच्या प्रकाशाला माणसामाणसांचा प्रतिसाद ५० पटींहून अधिक वेगळा निघाला. एकाची झोप मंद दिव्यानेही मोडते, तर दुसरा भर उजेडात घोरतो. घरात यावरून होणाऱ्या भांडणात दोघेही खरे बोलत असतात. मुलांचे मात्र जपायला हवे. त्यांच्या डोळ्याचे भिंग नितळ असते आणि बाहुली मोठी. जपानमधील २०१४ च्या एका प्रयोगात रात्रीच्या प्रकाशाने मुलांचे मेलाटोनिन मोठ्यांच्या जवळजवळ दुप्पट दबले. दहावीच्या मुलाला रात्री अभ्यासाला ‘चांगला उजेड’ म्हणून सर्वात पांढरा दिवा आणून देणारे आईबाप पहाटे तो उठत नाही म्हणून वैतागतात.

वयस्करांचे दुखणे निराळे. वयाबरोबर भिंग पिवळे पडत जाते, त्यामुळे निळा प्रकाश आत कमी पोहोचतो आणि झोपेवरचा परिणाम थोडा कमी होतो. पण मोतीबिंदू होऊ लागलेल्या भिंगात प्रकाश विखुरतो. एलईडीत प्रकाश उगमाशी एवढ्याशा जागेत दाटलेला असतो. त्यावर झाकण नसेल तर तो थेट डोळ्यात घुसतो आणि समोरचा खड्डा, पायरी, रस्त्याच्या कडेला बसलेले कुत्रे काहीच दिसत नाही. ‘दिवे वाढले आणि दिसायचे कमी झाले’ अशी तक्रार नेत्रतपासणीला येणारी मंडळी करतात, ती उगीच नसते. समोरून येणाऱ्या मोटारीचे पांढरेशुभ्र दिवे हा त्याहून मोठा ताप.

स्वस्त एलईडीत आणखी एक खोट असते. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. जुन्या बल्बची तार तापलेलीच राही, म्हणून ते जाणवत नसे. एलईडीचे आतले सर्किट निकृष्ट असेल तर तो खरोखरच लुकलुकतो. डोळ्याला दिसत नाही, तरी काहींचे डोके दुखते, अर्धशिशीच्या रुग्णांचे विशेष. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरावा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा अभ्यासाच्या टेबलावर नको.

जुन्या बल्बची उष्णता वाया जाते, असे म्हटले जाई. ती सगळीच वाया जात नव्हती. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बुरशी चढते, म्हणून प्रयोगशाळेत तो लाकडी कपाटात ठेवून आत ४० वॅटचा बल्ब पेटता ठेवायची पद्धत आहे. रेडियंट वॉर्मर पोहोचण्याआधी अनेक छोट्या प्रसूतिगृहांत नवजात बाळाला २०० वॅटच्या बल्बखाली ऊब मिळे. कोंबड्यांच्या पिल्लांनाही तीच. अशा जागी एलईडी लावला तर उजेड पडतो आणि काम होत नाही. उलट कावीळ झालेल्या बाळाच्या निळ्या दिव्यांसाठी एलईडीच उत्तम, कारण तिथे उष्णता नकोच असते.

जुन्या बल्बकडे परतण्याची गरज मुळीच नाही. एलईडी २७०० आणि ३००० केल्विनचेही मिळतात. झोपण्याच्या आणि बसण्याच्या खोलीत ते लावावेत, ६५०० स्वयंपाकाच्या ओट्याला ठेवावा. ‘झिरोच्या’ बल्बच्या जागी हौसेने आणलेला निळा दिवा बदलून नारिंगी किंवा लाल आणावा आणि जमिनीलगत लावावा. रात्री लघवीला उठणाऱ्या आजी-आजोबांसाठी अंधार करू नये. खुब्याचे हाड मोडणे हे बिघडलेल्या झोपेपेक्षा फार वाईट. घरगुती एलईडीने दृष्टिपटल जळते, हे सिद्ध झालेले नाही, तेव्हा निळा प्रकाश अडवणारे महागडे चष्मे घेण्याची घाई नको. रस्त्यांसाठी अमेरिकन मेडिकल असोसिएशनने २०१६ मध्येच ३००० केल्विनची मर्यादा आणि खाली तोंड असलेले, झाकलेले दिवे सुचवले. फ्रान्सने २०१८ मध्ये बाहेरच्या दिव्यांसाठी तसा नियमच केला. खिडकीत घुसणाऱ्या दिव्याला आडोसा बसवून द्या, असा साधा अर्ज सोसायटीला नगरपालिकेकडे करता येतो.

रुग्णालयांत हा विषय सर्वाधिक टोचतो. तिथेही ट्यूब जाऊन पांढरे एलईडी आले, पण बटणे जुनीच राहिली. रात्री दोन वाजता एका खाटेवर सलाईन बदलायचे असते आणि एका बटणावर अख्खी रांग उजळते. वीस जण डोळे चोळत उठतात. अतिदक्षता विभागातल्या वृद्धांना रात्री भ्रम होतो, ते नळ्या ओढतात, मुलांना ओळखत नाहीत. यात अपुऱ्या झोपेचा वाटा असतो आणि रात्री दिवे मंद ठेवणे हा ते टाळण्याच्या उपायांपैकी एक आहे, तोही बिनऔषधाचा. प्रत्येक खाटेला स्वतंत्र छोटा पिवळसर दिवा आणि परिचारिकांच्या टेबलाला वेगळे बटण, एवढे काम वॉर्डाचा इलेक्ट्रिशियनही करू शकतो. दिवे बदलण्याच्या निविदेत ते एका ओळीत घालता येईल.